गावासाठी सव्वाचार लाख जमलेत: आरओ प्लँट घ्यावा, नवा बोअर मारावा की आणखी काही?

पुणेरी_भूमकर

मंडळी, सल्ला हवा आहे. आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. पुण्या-मुंबईला पोटामागे गेलेल्या गावकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात यंदा वर्गणी काढली आणि सव्वाचार लाख जमले. गावाला शुद्ध पाणी द्यायचं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पुढे कशावरच नाही.

परिस्थिती अशी. जलजीवन मिशनमधून टाकी झाली, पाइपलाइन झाली, घरोघर नळ आले. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, मात्र जुनीच सार्वजनिक विहीर. पावसाळ्यात दिवसाआड पाणी येतं, संक्रांतीनंतर आठवड्यातून एकदा, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टँकर सुरू. टँकर त्याच विहिरीत ओततात, म्हणजे तळाचा गाळ ढवळून नळाला. प्यायला ज्याला परवडतं तो 20 लिटरचा जार विकत घेतो.

पाणी तपासून घेतलंय. टीडीएस (विरघळलेले क्षार) 900, एकूण कठीणपणा 480, फ्लोराइड 0.6, नायट्रेट 70 (सगळं मिलिग्रॅम प्रतिलिटर). अणुजैविक तपासणीत 'पिण्यास अयोग्य'.

अर्धा ग्रुप म्हणतो आरओ प्लँट आणि पाण्याचं एटीएम बसवा, पाच रुपयांत जार. उरलेला अर्धा म्हणतो 700 फूट बोअर मारा. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा.

तिरकसराव

सव्वाचार लाखात कोनशिला झकास होते. देणगीदारांची नावं उतरत्या क्रमाने.

खडकफोड्या

आयुष्यभर विहिरींची सर्वेक्षणं केली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोअरचा विचार आधी बाजूला ठेवा. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्याच्या अंगात पाणी साठवायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. साधारण 40-50 फुटांपर्यंतचा हा थर म्हणजे आपली खरी टाकी. चांगला पाऊस झाला की ती गणपतीपर्यंत भरते आणि दिवाळीनंतर ओढ्यावाटे नि उपशावाटे ओसरायला लागते. सातशे फुटांवर एखादी भेग लागते, पहिल्या दिवशी धो धो पाणी येतं, पेढे वाटतात. त्या भेगेत पाणी येतं कुठून? बहुतेकदा वरच्याच थरातून झिरपून. बोअरला केसिंग, म्हणजे पाइपाचं अस्तर, वरचे वीस-तीस फूट. त्याखाली उघडं भोक, त्यातून वरच्या थराचं पाणी खाली उतरतं आणि शेजारची विहीर आटते. म्हणजे तुमचा बोअर तुमच्याच विहिरीचं पाणी पिणार.

पाऊस 600 मि.मी. धरला तरी एका हेक्टरवर 60 लाख लिटर पाणी पडतं. दोन हजार माणसांना जलजीवनच्या निकषाने रोज माणशी 55 लिटर दिलं तर वर्षाला लागतं साधारण चार कोटी लिटर. म्हणजे सात हेक्टरांवरचा पाऊस. शिवार किती आहे तुमचं? हजार हेक्टर तरी असेल. पडलेलं सगळं हाती लागत नाही हे खरं. बरंचसं उडून जातं, वाहून जातं. पण प्यायलाच पाणी कमी पडावं अशी आपली गावं नाहीत. पाणी जातं कुठे ते बघा.

माझा पहिला प्रश्न: सार्वजनिक विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत किती विहिरी नि बोअर आहेत? दुसरा: योजना करताना विहिरीची उपसा चाचणी (पाणी उपसून किती भरून येतं ते बघणं) कोणत्या महिन्यात घेतली होती? श्रावणात घेतली असेल तर तो कागद फाडून टाका.

पुणेरी_भूमकर

सर, चाचणीचं विचारावं लागेल. बोअरचं सांगतो. विहिरीच्या आसपास डोळ्यांना दिसतात तेवढे अकरा. त्यातले सात गेल्या पाच-सहा वर्षांतले. खाली ऊस आहे, थोडी मोसंबी आहे.

वाफसा

आला ऊस! वाटच बघत होतो. दुष्काळाचा धागा निघाला की शहरातला माणूस दहाव्या ओळीला उसावर येतो. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं तेव्हाही सगळं खापर आमच्याच डोक्यावर. मी स्वतः ऊस लावतो. सोयाबीनचा भाव आज एक, उद्या एक. तुरीला लागवडीच्या वेळी एक आकडा सांगतात, काढणीला दुसराच असतो. उसाला निदान कारखाना आहे, तोड आहे, एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. हमी द्या, उद्या ऊस मोडतो.

खडकफोड्या

वाफसा, तुमचं म्हणणं मान्य. मी ऊसवाल्याला चोर म्हणत नाही, फक्त हिशेब मांडतो. उसाला वर्षाला 2000 मि.मी.च्या आसपास पाणी लागतं. पावसाचे 600 वजा करा, 1400 उरले. म्हणजे हेक्टरी 1 कोटी 40 लाख लिटर जमिनीखालून उपसायचं. वर गावाची वर्षाची गरज काढली चार कोटी. तीन हेक्टर ऊस, साडेसात एकर, म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं प्यायचं नि वापरायचं पाणी. ठिबकवर बरंच वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी दोन एकर लावतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

कायद्याचं म्हणाल तर 1993 च्या भूजल कायद्यातच सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी होती. 2009 च्या कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअरलाच मनाई केली. आणि बोअरच्या गाड्या रात्री येतात, सकाळी जातात.

मुंबईकर_दादर

हिवरे बाजार करा ना. एवढं मोठं उदाहरण समोर आहे.

तिरकसराव

हिवरे बाजारला सहली काढून काढून लोकांनी तिथला चहा संपवला. आपापल्या गावी येऊन नवा बोअर मारला.

बांधबंदिस्ती

तिरकसराव, हसू आलं पण पुरतं खरं नाही. हिवरे बाजारचं लोक चुकीचं टोक पकडतात. सीसीटी (सलग समतल चर), बंधारे, झाडं याचे फोटो काढतात. त्या गावाने खरं काम केलं ते वाटपाचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, आणि दरवर्षी पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आधी माणसं, मग जनावरं, मग उरेल त्यात रब्बी. पाऊस कमी झाला तर कुठलं पीक घ्यायचं नाही ते सभेत ठरतं. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली 2020 साली. त्याआधी तीस वर्षं हे भांडण ते गावात भांडत होते.

आणि त्याच्याही आधी पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत होती, 1972 च्या दुष्काळानंतर नायगावात सुरू झालेली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. विचार एवढा सरळ की पन्नास वर्षांत फार थोड्या गावांना तो पचला.

सून_माळावरची

मी याच तालुक्यातली, गाव वेगळं. धागा दोन दिवस वाचतेय. सगळे पुरुष हेक्टर नि कोटी लिटरवर बोलतायत, म्हणून लिहिते.

आमच्याकडंबी टाकी झाली. नळाला पाणी येतं रात्री, कारण मोटारीला थ्री फेज लाइट रात्रीच असते. पाण्याचा आवाज आला की उठायचं. पहिली दहा मिनिटं लाल पाणी. तेवढ्यात वरच्या आळीतल्यांनी नळाला मोटारी लावल्या की खालच्या आळीत नुसती हवा, नळ शिट्टी वाजवतो. एक हंडा भरायला अर्धा तास. निम्म्या नळांना तोट्या नाहीत. आमचा नळ तर गटारीच्या काठाला, खड्डा करून खाली बसवलाय, म्हणजे प्रेशर मिळतं. त्या खड्ड्यात काय साचतं ते लिहीत नाही.

कठीण पाण्याचं म्हणाल तर तुरीची डाळ शिजत नाही. चिमूटभर सोडा घालतो नाहीतर कुकरच्या आठ-नऊ शिट्ट्या. गॅस किती जातो ते कुठल्या अहवालात येत नाही.

पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम आहे. माझ्या सासूबाई सदस्य आहेत. त्यांना ते सही करायला रजिस्टर घरी आलं तेव्हा कळलं.

पुणेरी_भूमकर

ताई, आमच्या गावातही हेच चित्र आहे. मोटारींचं तर तंतोतंत.

आरोग्यसेवक_जुना

ताईंनी लिहिलंय त्यातच 'पिण्यास अयोग्य'चं उत्तर आहे.

पाइपात चोवीस तास पाणी असेल तर दाब आतून बाहेर असतो, फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळतं. पाणी आठवड्यातून एकदा सोडलं, वर नळाला मोटारी लावल्या, की पाइप बाहेरचं आत ओढतो. व्हॉल्व्हचा खड्डा गटारात असेल तर गटार ओढतो. विहिरीवर सोन्याचा प्लँट बसवा, खालच्या आळीत जुलाब होणारच.

आता टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर. हा विषय कुणालाच आवडत नाही कारण यात उद्घाटन नाही. हजार लिटरला 5 ग्रॅम हा ढोबळ हिशेब. गोल विहिरीचं पाणी मोजायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला 785 ने गुणा, लिटर मिळतात. व्यास 6 मीटर, पाणी 3 मीटर असेल तर साधारण 85 हजार लिटर, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. प्रत्यक्षात काय होतं? कर्मचारी मूठभर भुकटी काठावरून फेकतो आणि मोटार चालू करतो.

पावडर ताजी असेल तर क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास. पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं टाकून ठेवलं की पावसाळ्यात त्याचा जोर उतरतो. 20 टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर नाही, नुसता चुना. तिचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो, फार थोडी गावं पाठवतात.

आणि ओ.टी. टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) टाकीखाली करायची नाही, शेवटच्या घरात करायची. ताईंच्या आळीत. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन तिथवर पोचलं, कमीत कमी 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर पाहिजे. रंग नाही आला तर पाणी टाकीपासून तिथवर येताना कुठेतरी नासलंय. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी गावाला हिरवं कार्ड मिळालं की पिवळं की धोक्याचं लाल, ते ग्रामपंचायतीत विचारा. पाणी नमुने घ्यायला नेमलेला जलसुरक्षक असतो, पाच महिलांना फील्ड किटचं प्रशिक्षण द्यायचं असतं. किट कपाटात असेल. मुदत संपायच्या आत बाहेर काढा.

मुंबईकर_दादर

पण मग आरओ का नको? सगळंच निघून जाईल ना त्यातून.

जलशुद्धी_वाला

धंदा हाच आहे, तरी खरं लिहितो. तुमचा टीडीएस 900. भारतीय मानकात 500 पर्यंत उत्तम, दुसरा उद्भव नसेल तर 2000 पर्यंत चालतं. कठीणपणा 480, मर्यादा 600. फ्लोराइड ठीक. यासाठी आरओची गरज नाही. जंतूंसाठी टीसीएल पुरतं, तेही फुकटात.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. नायट्रेट 70. मर्यादा 45, आणि यात 'दुसरा उद्भव नसेल तर' अशी सवलतच नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तुरटीने जात नाही, टीसीएलने जात नाही. वरच्या दुधाचं बाळ असेल आणि ते दूध या पाण्यात कालवत असतील तर काळजीचं आहे. आरओने नायट्रेट बरंच उतरतं हे खरं.

पण गणित बघा. प्यायला-स्वयंपाकाला माणशी 5 लिटर धरलं तर दोन हजार माणसांना रोज 10 हजार लिटर. तेवढंच, कधी त्याहून जास्त पाणी रिजेक्ट म्हणून बाहेर. मे महिन्यात, जेव्हा टँकर चालू आहे, तेव्हा निम्मं पाणी नाल्यात सोडणार का? ते खारट पाणी त्याच नाल्यातून विहिरीकडे मुरलं तर आणखी मजा. वीजबिल कोण भरणार, मेम्ब्रेन (पाणी गाळायचा पडदा) कोण बदलणार? मराठवाड्यात रंग उडालेली वॉटर एटीएमं मोजायला लागलात तर वही भरेल. बहुतेक ठिकाणी मशीन बिघडलं नव्हतं. दोन हजारांचा सुटा भाग आणायला कुणाच्या खिशात हात घालायचा, यावर बंद पडलं.

खडकफोड्या

नायट्रेटचा मुद्दा अगदी बरोबर, माझ्या नजरेतून निसटला होता. पुणेरी, विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे? उकिरडे, गोठे, शोषखड्ड्यांचे संडास? उथळ विहिरीत नायट्रेट बहुधा तिथून नाहीतर युरियातून येतं.

पुणेरी_भूमकर

चुलतभावाला पाठवून फोटो मागवले. वरच्या अंगाला सत्तर-ऐंशी पावलांवर उकिरड्यांची रांगच आहे. गाव वाढत वाढत विहिरीच्या वर गेलं. विहीर आधीची, घरं नंतरची.

वाफसा

हे बघा. म्हणजे ऊस एकटा नाही.

खडकफोड्या

एकटा नाहीच. उकिरडे हलवणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात मोठं भांडण. पैसे ते हलवायला, सिमेंटचे खत-खड्डे बांधायला वापरलेत तरी मी टाळ्या वाजवीन. फळ दिसायला एक-दोन पावसाळे जातील.

उद्भव बळकट करायचा तर विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात भूमिगत बंधारा घालता येतो का ते बघा. नाल्याच्या वाळू-मुरमात खडकापर्यंत चर खणून आडवी भिंत किंवा जाड प्लास्टिक. वरून काही दिसत नाही, पण मुरमातलं वाहून जाणारं पाणी तिथे अडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याला अपारंपरिक उपाय म्हणते. बोअर ब्लास्ट, जॅकेट वेल, फ्रॅक्चर सील सिमेंटेशन हे त्याच पठडीतले, म्हणजे खडकात सुरुंगाने भेगा पाडणं किंवा सिमेंटने भेगा बुजवणं. जागा बघितल्याशिवाय यातलं काहीच करू नका. जिल्ह्याला यंत्रणेचं कार्यालय आहे, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन पत्र द्या. हातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या गावातल्या नारळवाल्याला मात्र बोलावू नका. आणि कुणी सांगितलं म्हणून ओढ्याचं गढूळ पाणी पाइपाने थेट पिण्याच्या विहिरीत सोडू नका. पुनर्भरण करायचं तर विहिरीपासून लांब, गाळण खड्ड्यातून.

हापसा

थोडं अवांतर. गावात जुना हातपंप असेल ना? आता शोभेचाच असणार. पण इतिहास मजेशीर आहे. जालना पंप, मग सोलापूर पंप, आणि त्यावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू. अर्ध्या जगाच्या कोरडवाहू गावांत बसला तो आपल्या मराठवाडा-सोलापूरच्या वर्कशॉपांतून निघालेला. त्याची मजल साधारण 50 मीटर. पाणी 50 मीटरच्या खाली गेलं तेव्हा हापसा गेला, मोटार आली, आणि मोटारीबरोबर बिल आलं.

सध्या काही वाड्या-वस्त्यांवर त्याच बोअरवर सौर दुहेरी पंप बसवतात. ऊन असेल तेव्हा सौर मोटार पाच हजार लिटरची टाकी भरते, नाहीतर हापसायचं. वस्तीला पुरतो, गावाला नाही.

थारवासी_देशस्थ

नोकरीनिमित्त बाडमेरला असतो. इथे तुमच्या निम्म्याहून कमी पाऊस. गावागावांत टांके आहेत. अंगणाएवढं गोल आगोर, म्हणजे पाणी गोळा करायची चोपून-सारवून केलेली उतरती जमीन, आणि मधोमध झाकलेला हौद. पावसाच्या आधी आगोर झाडून घेतात. तिथे चपला घालून कुणी जात नाही, जनावर तर नाहीच. ते पाणी फक्त प्यायला. अंघोळ-धुणं दुसऱ्या, खाऱ्या पाण्यावर.

तुमच्याकडे तर पत्र्याची घरं आहेत, आगोर आयतं डोक्यावर आहे. 50 चौरस मीटर पत्रा, 600 मि.मी. पाऊस, वीस टक्के वाया गेलं धरा, तरी 24 हजार लिटर. पाच माणसांच्या घराला नुसतं प्यायला-रांधायला रोज 25 लिटर, आठ महिन्यांचे होतात 6 हजार. पावसाच्या पाण्यात नायट्रेट नाही, कठीणपणा नाही.

सून_माळावरची

डाळ शिजेल मग.

पण सहा हजार लिटरची टाकी घरटी कोण देणार? आमच्या पत्र्यावर वाळवणं असतात, मांजरं असतात, कबुतरं असतात.

थारवासी_देशस्थ

ताई, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्रा धुऊन निघतो. पन्हळीला जाळी. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. तोंडाला बारीक कापड बांधायचं, नाहीतर डेंग्यूचे डास. पाणी भांडं बुडवून काढायचं नाही, तोटीनेच.

सगळ्या घरांना एकदम नाही जमणार. शाळा, अंगणवाडी, मंदिराचा सभामंडप इथून सुरू करा. आणि ज्या घरात तान्हं बाळ आहे ती घरं.

तिरकसराव

शाळेची टाकी पहिल्याच उन्हाळ्यात सरपंचांच्या लग्नकार्याला जाईल, पण बाकी योजना आवडली.

पुणेरी_भूमकर

सर्वांचे आभार, विशेषतः खडकफोड्या सर आणि ताईंचे. गेल्या रविवारी गावात जाऊन बैठक घेतली. ग्रामसभा नाही, पारावरची बैठक.

बोअर रद्द झाला, त्यावर फार वाद झाला नाही. खोलवर लागलेलं पाणी शेजारच्याच विहिरीचं असतं हे गावकऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आरओवर ग्रुपमधले चार जण नाराज आहेत. त्यांनी घातलेले पैसे परत मागितले तर देऊ असं सांगितलं. शाळा, अंगणवाडी आणि सभामंडप यांची पन्हळ-टाकी या पावसाळ्याआधी करायची ठरली. व्हॉल्व्हचे खड्डे गटारातून वर घेऊन बांधायचे. तोट्या सगळ्या नळांना, त्याचं काम बचत गटाच्या बायकांनी मागून घेतलं. टीसीएलचं पोतं झाकणाच्या ड्रममध्ये. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ग्रामपंचायत देते ते मानधन सहा-सहा महिने थकतं, म्हणून उरलेल्या रकमेच्या व्याजातून त्याला काही देता येईल का यावर गाडी अडली. सरपंच म्हणतात पायंडा पडेल. मला वाटतं, पडू दे. पण पैसे माझ्या एकट्याचे नाहीत.

उकिरड्यांवर बोलायला लागलो तशी निम्मी माणसं उठून गेली. पाचशे मीटरच्या आतल्या बोअरवर तर कुणी तोंडच उघडलं नाही. दोन बोअर माझ्या सख्ख्या काकांचे आहेत.

वाफसा

काकांना विचारा, मार्चनंतर त्या दोनपैकी एका बोअरचं पाणी गावाच्या टाकीला भाड्याने देतात का. टंचाईत विहीर अधिग्रहण सरकार करतंच, मोबदला मिळतो. तेच आधी ठरवून केलं तर काकांनाही बरं, टँकरचाही गाळ नको. मी माझी विहीर दोन उन्हाळे दिली होती. त्या वर्षी खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटणारा ऊस) ठेवला नाही, एवढंच.

आरोग्यसेवक_जुना

वाफसा, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

पुणेरी, काकांच्या बोअरचं पाणी घ्यायच्या आधी त्याचंही नायट्रेट नि फ्लोराइड तपासा. खोल बोअरला फ्लोराइड जास्त लागू शकतं, किनवट-यवतमाळकडच्या लोकांना विचारा. एक लिटरची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, नाव-तारीख लिहून पाठवायची. जंतूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मिळते, ती विसळायची नाही आणि चोवीस तासांच्या आत पोचवायची. पाऊस लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा.

पुणेरी_भूमकर

चुलतभाऊ सोमवारी बाटल्या घेऊन जातोय. काकांशी मीच बोलतो. ताई, बचत गटाच्या बायकांना तोट्या कुठल्या घ्याव्यात विचारायचंय. प्लास्टिकच्या सहा महिने टिकत नाहीत, पितळी रातोरात गायब होतात.

सून_माळावरची

प्लास्टिकच्याच घ्या, चांगल्या जाडीच्या, आणि डझनभर जास्तीच्या. आम्ही त्या किराणा दुकानात ठेवल्यात. तोटी तुटली की दुकानातून घ्यायची आणि नाव लिहायचं. कुणाच्या नळाला वर्षात तीनदा तोटी लागली ते मग सगळ्या गावाला कळतं.